एकोणिसावा आकडा

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता, औषधाच्या दुकानामागच्या कोठीत गुडघे टेकून बसलेल्या फरशीवाल्या मिस्त्रींनी एक खोटं बोलून टाकलं. काही गरज नव्हती. कोणी त्यांच्या छातीवर बसलं नव्हतं. दुकानाच्या मालकीणबाई हातात टॅब्लेट घेऊन दारात आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही ते आकड्यांचं कोडं सोडवता का हो? इंटरनेटवरचं, रोजचं?"

आणि मिस्त्री म्हणाले, "सोडवतो की. रोज. वर्ष झालं असेल."

साठीला दोन वर्षं कमी असलेला हा माणूस. गावभर त्यांची ख्याती अशी, की फरशी केसाइतकी वाकडी बसली तरी ते ती तिथल्या तिथे उचलून पुन्हा बसवतील, मालक नको नको म्हणत असला तरी. असा माणूस टॅब्लेटला कधी बोटही न लावता वर्षभराचा खेळाडू होऊन बसला, त्याचं कारण सांगायलाच हवं. बाई सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत दोन फरश्यांमधला सांधा किती जाड ठेवायचा यापलीकडे त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. विचारणारीही साधी बाई नव्हती. डॉक्टरांची अक्षरं एकोणतीस वर्षं वाचून तिने एकदाही चुकीची गोळी दिली नव्हती. लग्नाच्या भानगडीत ती कधी पडलीच नाही, कारण विचारलं तर म्हणायची, दुकान सोडून जायला सवडच झाली नाही.

"सुटले बाई!" त्या म्हणाल्या, आणि तिथल्याच खोक्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. रोज एक कोडं येतं, सगळ्यांना तेच. एक दिवस चुकलं किंवा हुकलं, की सलग दिवसांचा आकडा शून्यावर येतो. त्यांचे आज दोनशे चौऱ्याण्णव झाले होते, म्हणजे रविवारी तीनशे. पण रविवारचं कोडं जोडीने सोडवायचं असतं, एक आकडा एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. त्यांची जोडी थोरल्या बहिणीशी, आणि तिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"एकटीने दोन्ही पाळ्या खेळता येतात. कोणाला कळायचंही नाही," बाई म्हणाल्या. "पण ती लबाडी झाली. मला सगळं चालतं मिस्त्री, लबाडी खपत नाही. तुम्ही याल ना रविवारी? दहाला?"

हातातली थापी तशीच राहिली. खरं सांगायला अजून वेळ होता, एक वाक्य पुरलं असतं. पण बाई फार खूश दिसत होत्या.

"येतो की," ते म्हणाले.

मिस्त्रींची सून शाळेत कवायत शिकवायची. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यावर, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी हातपाय धुतले, चहा घेतला, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "ते आकड्यांचं कोडं कसं खेळतात गं?"

सुनेने कप खाली ठेवला. सासऱ्याने फोन हातात घेतला तर तो उलटा धरलेला असायचा. "तुम्हाला कशाला?"

"असंच. डोक्याला चालना."

"हं," सून म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये पुढची सगळी चौकशी होती, पण ती तिने मागे ठेवली आणि टेबलावर टॅब्लेट मांडला. "हे बघा बाबा. हे मैदान. नऊ आडव्या रांगा, नऊ उभ्या रांगा. शिवाय ही जाड रेघ दिसते ना, तिने केलेले नऊ चौक, प्रत्येकात नऊ घरं. आता एक ते नऊ नंबरची मुलं उभी करायची. एका रांगेत, आडव्या काय नि उभ्या काय, एका नंबरचं मूल दोनदा आलं तर मी काय करते?"

"शिट्टी मारतेस."

"बरोबर. चौकातही तेच. काही मुलं आधीच जागेवर उभी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उरलेली तुम्ही उभी करायची."

"एवढंच?"

"एवढंच."

मिस्त्रींना हसू आलं. जन्मभर दुसरं काय केलं होतं त्यांनी! एकसारख्या नक्षीच्या दोन फरश्या शेजारी येऊ द्यायच्या नाहीत, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. बाह्या सारून त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं. जो आकडा बसतोय असं वाटलं तो बसवला आणि पुढे सरकले. सातव्या रांगेपर्यंत गाडी सुसाट. आठवीत धाप लागली. नववीत तर काय, शेवटच्या चार घरांत उरलेला एकही आकडा पाय ठेवायला तयार होईना.

"कोडंच चुकीचं आहे," मिस्त्री म्हणाले.

"हो का!" सून म्हणाली.

मंगळवारी तेच झालं. बुधवारी तर पाचव्या रांगेतच. कोठीतही आता गंमत चालली होती. दोन दिवसांत उरकणारी खोली, पण मिस्त्री एकेक फरशी पाणसळ ठेवून चारचारदा तपासत होते, आणि फरशीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नऊ बाय नऊच्या चौकटी काढत होते. काम संपलं की कोठीत यायला निमित्त उरणार नव्हतं, आणि ते शनिवारच्या आत संपवायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाई मधूनच डोकावून विचारायच्या, "आजचं झालं का तुमचं?" आणि मिस्त्री सिमेंटचा माल कालवत म्हणायचे, "सकाळीच." म्हणजे खोट्यावर खोटं, त्यावर आणखी एक. तरी दिवसा उगाचच शीळ घालावीशी वाटायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे असं व्हावं याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटण्यातही मजा येत होती.

बुधवारी संध्याकाळी सून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

"बाबा! तुम्ही फरशी बसवताय!"

"म्हणजे?"

"लांबच्या भिंतीपासून सुरू, दाराकडे सरकत सरकत. मागे वळून बघणं नाही. इथे पहिल्याच रांगेत चार टाकलात, का? चार इथे येतो हे कशावरून?"

"कुठेतरी यायचाच ना तो."

"कुठेतरी नाही बाबा. एकाच ठिकाणी येतो. या कोड्याचं उत्तर एकच असतं, त्यात अंदाज चालत नाही. जिथे दुसरं काही बसूच शकत नाही, ते घर आधी शोधायचं. मग ते वर असो, खाली असो, मध्ये असो. आणि दोन आकड्यांची शक्यता असेल तर कोपऱ्यात बारीक लिहून ठेवायचे दोन्ही. आणि चुकलं असं वाटलं तर मागे यायचं."

"मागे कसं येणार? ओल्या फरशीवर पाय देऊ?"

मिस्त्री हे अगदी मनापासून बोलले होते. चाळीस वर्षांत ते कधी मागे आले नव्हते. मागे आलेला फरशीवाला म्हणजे कच्चा फरशीवाला, हे त्यांच्या गुरूने पहिल्याच दिवशी पाठीत एक धपका घालून शिकवलं होतं.

सून हसली नाही. "शेवटी हे 'तपासा' नावाचं बटण आहे ना, ते दाबेपर्यंत सगळं ओलंच असतं बाबा. कितीही वेळा उचला. बटण मात्र एकदाच दाबायचं. चुकलं की दिवस गेला."

गुरुवारी सकाळी मिस्त्री दाढी करायला बसले आणि आरशाशेजारी टॅब्लेट टेकवून ठेवला. अर्ध्या गालावर फेस होता, तेव्हा त्यांना मधल्या चौकातला सात दिसला. तो दिसल्यावर त्याच्या खालचा दोन दिसला. मग एक, मग नऊ, मग धडाधड. वस्तरा तसाच राहिला. वीस मिनिटांनी त्यांनी 'तपासा' दाबलं आणि पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडाले.

"सूनबाई!" मिस्त्री ओरडले, आणि बनियनवर, अर्ध्या तोंडाला फेस लावून, टॅब्लेट डोक्यावर धरून जिन्यात धावत गेले. सून तेव्हा शाळेला निघून कोपऱ्यापर्यंत पोचली होती. मिस्त्रींनी तिला भर रस्त्यात गाठलं. शेजारच्या गाडीवाल्याने गाडीच थांबवली. सुनेने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि अशी काही वाजवली की समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या.

मग मात्र तिने त्यांना कडेला घेतलं. "आता सांगा. कोण आहे?"

मिस्त्रींनी सांगितलं. फेस वाळून गाल ताणायला लागला तरी सांगत होते. बाई, चष्मा, तीनशे दिवस, आणि ते खोटं.

"बाबा, रविवारच्या आधी खरं सांगून टाका त्यांना."

"रविवार झाला की सांगतो."

"आणि रविवारी त्यांचे तीनशे तुमच्यामुळे बुडाले तर? मग काय सांगणार आणि कोणाला?"

मिस्त्री गालावरचा वाळलेला फेस पुसत घराकडे वळले. शुक्रवार गेला. शनिवारी शेवटची फरशी बसली, सांधे भरून झाले, बाई हात मागे बांधून सगळ्या कोठीभर फिरल्या आणि म्हणाल्या, "इतकी सरळ जमीन मी जन्मात पाहिली नाही." मिस्त्रींनी तोंड उघडलं, तेवढ्यात दुकानात खोकल्याचं औषध मागायला कोणीतरी आलं आणि ते तोंड मिटलं ते रविवारपर्यंत.

रविवारी दहाला मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून दुकानाच्या वरच्या मजल्यावर हजर झाले. खिडकीशी छोटं टेबल, त्याला लागून दोन खुर्च्या, टेबलावर टॅब्लेट. बाईंनी आज निळ्या फुलांचा झगा घातला होता. दुकानात त्या कायम पांढऱ्या कोटात असत, त्यामुळे कुठे बघावं तेच मिस्त्रींना कळेना.

"एक तास मिळतो," बाई म्हणाल्या. "बावन्न घरं रिकामी आहेत. पहिला आकडा माझा."

सुरुवात झकास झाली. बाईंनी मध्ये नऊ टाकला, मिस्त्रींनी खाली एक. बाईंचा सहा, मिस्त्रींचा आठ. मिस्त्रींना आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटत होतं, कारण डोळ्यांना घरं दिसत होती. बाई मधूनच "वा!" म्हणायच्या आणि त्या प्रत्येक 'वा'ला मिस्त्रींचे कान तापायचे. नखातलं सिमेंट काही केल्या निघालं नव्हतं, म्हणून बाईंची पाळी असली की ते हात टेबलाखाली घेऊन नखं कोरत बसायचे.

चौतिसाव्या आकड्याला मिस्त्री अडले. एका घरात दोन तरी किंवा सात तरी. बाई वाट बघत होत्या. वर्षभराचा खेळाडू किती वेळ घेणार? मिस्त्रींनी अंदाजाने दोन ठोकून दिला आणि घाम पुसला.

पन्नास आकडे झाले. दोन घरं उरली, आकडे तीन आणि सहा. पाळी बाईंची. त्यांनी बोट उचललं आणि तसंच हवेत ठेवलं. तीन इथे टाकावा तर उभ्या रांगेत तीन होता. तिथे टाकावा तर चौकात होता.

"असं कसं झालं?" बाई म्हणाल्या. "मला असं कधीच होत नाही."

घड्याळात सोळा मिनिटं उरली होती. बाईंचा चेहरा उतरला होता, आणि तो आपल्यामुळे उतरला हे त्यांना बघवेना.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तो दोन मी अंदाजाने टाकला. आणि मी वर्षभर खेळत नाही. सहा दिवस झाले. सोमवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे काय असतं तेसुद्धा माहीत नव्हतं. सुनेने शिकवलं. तुमच्याशी खोटं बोललो. आता एक शब्द खोटा बोलणार नाही, पण तुमचे तीनशे मी घालवले."

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मिस्त्रींना वाटलं, आता जिना दाखवतील. दाखवावा, तेच योग्य होतं.

"का बोललात?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही परत येऊन काहीतरी विचाराल म्हणून."

बाई येऊन खुर्चीत धपकन बसल्या. "त्याचं नंतर बघू. चौदा मिनिटं आहेत. सगळं पुसून पुन्हा करायला पुरणार नाहीत."

"पुसायचं कशाला?" मिस्त्री म्हणाले. "ओळीने बघत जाऊ. कुठला आकडा कितवा टाकला ते मला ठाऊक आहे."

"पन्नासही?"

मिस्त्रींना यात काही विशेष वाटलं नाही. कुठल्याही खोलीतली कुठलीही फरशी कधी बसवली, तिच्या आधी कोणती आणि नंतर कोणती, हे त्यांना आठवतच असे. "पहिला तुमचा नऊ, इथे. दुसरा माझा एक. तिसरा तुमचा सहा."

बाई प्रत्येक आकड्याला कारण विचारत होत्या आणि कारण पटलं की मान हलवत होत्या. दहा झाले, पंधरा झाले. दोघांची डोकी पडद्यावर इतकी जवळ आली की बाईंच्या केसांना येणारा साबणाचा वास मिस्त्रींना येऊ लागला. अठरावा ठीक होता.

"एकोणिसावा, पाच, इथे."

बाई थांबल्या. "हा पाच इथेच कशावरून? शेजारच्या घरात का नाही?" त्यांनी उभी रांग बघितली, चौक बघितला, पुन्हा रांग बघितली. "हाच! हाच चुकीचा आहे! तुमचा दोन नाही मिस्त्री, हा पाच. कोणी टाकला हा?"

मिस्त्रींच्या तोंडावर आलं होतं, मीच म्हणून. किती सोपं होतं! आधीच एवढे गुन्हे कबूल केले होते, त्यात आणखी एक खपून गेला असता, आणि 'मला असं कधीच होत नाही' हा बाईंचा शब्द शाबूत राहिला असता. पण एक शब्द खोटा बोलणार नाही, असं वचन त्यांनी आत्ताच दिलं होतं.

"तुम्ही," ते म्हणाले.

"मी?" बाई ताठ झाल्या. "शक्यच नाही. माझ्या हातून असा आकडा पडत नाही. माझं लक्ष असतं."

"एकोणिसावा, म्हणजे पाळी तुमचीच. तेव्हा मी टेबलाखाली नखं कोरत होतो. वर बघितलं तर…" मिस्त्री अडखळले.

"तर काय? बोला की."

"तर तुमचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. माझ्याकडे बघत होता तुम्ही. बघता बघता बोट टेकवलंत."

बाईंच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली ती थेट कपाळावरच्या चष्म्यापर्यंत. मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस्त्रींनाही राहवेना. तीनशे दिवस बुडायला सात मिनिटं उरलेली असताना दोन प्रौढ माणसं टेबल धरून हसत होती.

"पुरे, पुरे!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "उचला तो पाच."

पाच उचलून शेजारी गेला. त्या पाचाच्या भरवशावर टाकलेले आठ आकडे निघाले आणि दोघांनी आळीपाळीने पुन्हा टाकले. मिस्त्रींचा दोन जिथे होता तिथेच राहिला. शेवटचा आकडा त्यांचाच होता. मग बाईंनी त्यांचं बोट धरलं आणि 'तपासा'वर दोघांची बोटं एकदमच पडली. पडद्यावर कागदाचे तुकडे उडाले, त्यात मोठ्या अक्षरात तीनशे.

बाईंनी बोट सोडलं नव्हतं.

"तुमच्यावर मी रागावलेय, हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या.

"ठेवतो."

"चांगलीच रागावलेय. एवढा राग एका दिवसात निघायचा नाही. संध्याकाळी काय करत असता तुम्ही?"

मिस्त्रींनी खरं तेच सांगितलं.

"काही नाही, बाई. बरीच वर्षं झाली, संध्याकाळी मी काहीच करत नाही."

"मग साडेसहाला या," बाई म्हणाल्या.